हिशेबात न धरलेलं बी

केज तालुक्यात मांजरेच्या खोऱ्यात माझी वडिलोपार्जित जमीन आहे. खोल काळी, पावसात पाय रुतणारी, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. खरिपात सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी, थोडा कापूस आणि रब्बीला ज्वारी नाही तर हरभरा, हा आमच्या भागातला नेहमीचा क्रम. या जमिनीत मी दहा-बारा वर्षं तणनाशक वापरलं. वापरलं याचा मला पश्चात्ताप नाही. ज्या हिशेबानं वापरलं तो हिशेब साफ चुकला होता. त्याचा भुर्दंड मी एकट्यानं भरला असता तर हे लिहायला बसलो नसतो. तो शेजाऱ्यानं भरला, खुरपणीच्या बायांनी भरला, आणि पुढची काही वर्षं माझी मुलंही भरतील.

माझा हिशेब असा होता. २०१२ च्या सुमारास आमच्याकडं खुरपणीचा रोज शंभर-सव्वाशे रुपये होता. सोयाबीनला दोन खुरपण्या लागायच्या. एका वेळी एकरी आठ-दहा बाया, म्हणजे दोन्हींचे मिळून दोन हजारांच्या आसपास. एकराला चारशे मिली इमाझेथापायर पुरतं. ते आणि फवारणाऱ्याची मजुरी धरून खर्च हजाराच्या आत. वहीत दोन रकाने पाडून वजाबाकी केली की एकरी हजार रुपये वाचलेले दिसायचे. पैशाहून मोठी अडचण वेळेची होती. जुलैत झड लागली की आठ-आठ दिवस वाफसा येत नाही, काळ्या रानात कोळपं चालत नाही. उघडीप मिळाली की सगळ्या गावाला बाया एकाच आठवड्यात हव्या असतात. सोयाबीनला तणाचा खरा मार बसतो तो पहिल्या दीड महिन्यात, आणि नेमकं तेव्हाच माणूस मिळत नाही. अशा वेळी दोन गड्यांनी दोन दिवसांत सगळं रान फवारून काढलं आणि आठवड्याभरात तण पिवळं पडलं, हे पाहून मला सुटल्यासारखं झालं. तण खाई धन हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या तणावर इलाज सापडला असं मनापासून वाटलं. गावातल्या पहिल्या काही फवारणाऱ्यांपैकी मी एक. लोक बांधावर येऊन रान बघायचे आणि मी त्यांना वहीतली वजाबाकी दाखवायचो.

त्या वहीत तिसरा रकाना नव्हता. फवाऱ्यातून वाचलेल्या तणाचं जे बी माझ्या मातीत पडत होतं, ते मी कुठंच मांडलं नाही.

पहिली तीन-चार वर्षं रान खरोखर स्वच्छ राहिलं. मग तासांमध्ये केना दिसायला लागला. केना आमच्याकडं नवा नाही. निळ्या फुलाचा, रसाळ खोडाचा, पावसाळ्यात बाया त्याची भाजी करतात. पण पूर्वी तो बांधाकडेच्या ओलीला असायचा, आता पिकात शिरला. पाठोपाठ कुरडू आलं. त्याचीही कोवळी पानं भाजीला जातात. मात्र सप्टेंबरात त्याचे गुलाबी-पांढरे तुरे सोयाबीनच्या वर डोलायला लागले की रान कुणाचं आणि पीक कोणतं हेच कळेना. शिप्पीसारखी गवतं मरायची, ही दोन राहायची. मी औषधाची मात्रा वाढवली. तरी राहायची. तेव्हा तालुक्याच्या गावी एका दुकानदाराला मी चारचौघांसमोर म्हणालो, की तू बोगस औषध विकतोस. तो माणूस काही बोलला नाही. औषध चांगलं होतं, हे मला पुढं दोन वर्षांनी कळलं. त्याची माफी मागितली, पण जे चारचौघांत बोललो ते एकांतात परत घेतलं, ही बोच राहिलीच.

मी फवारायचो कसं, ते जसंच्या तसं सांगतो, कारण आजही माझ्या आसपास बहुतेक रानांत असंच फवारलं जातं. हे औषध तण दोन ते चार पानांवर असताना मारायचं असतं, पेरणीनंतर साधारण पंधरा ते वीस दिवसांत. मी पावसाची उघडीप, पंपवाल्याची सवड आणि दुकानातली उधारी या तिन्हींचा मेळ बसेल तेव्हा फवारायचो. कधी महिना उलटून जायचा, केना वीतभर होऊन फांद्या टाकायचा. एकराला दोनशे लिटर पाणी लागतं, म्हणजे पाठीवरच्या पंपानं बारा-तेरा पंप. गड्याचा वेळ वाचावा म्हणून आम्ही सहा-सात पंपांत उरकायचो. तणनाशकाला पंख्यासारखा सपाट पट्टा पाडणारं नोझल लागतं. आमच्या पंपाला कीटकनाशकाचं गोल फवारणारं नोझल वर्षभर तेच असायचं. पाणी ओढ्याचं, गढूळ. त्यातच अळीचं औषध आणि वरून विद्राव्य खत, सगळं एका टाकीत, एका फेरीत काम व्हावं म्हणून. अशा फवाऱ्यात काही तणांना पूर्ण मात्रा मिळते, काहींना अर्धी, काहींना नुसता शिंतोडा. जी अर्धवट भाजली ती पंधरवड्यात पुन्हा फुटली. मी रान लांबून पाहायचो, बहुतेक पिवळं दिसलं की समाधान मानायचो.

आणि सर्वांत मोठी चूक त्यानंतरची. वाचलेली तणं मी उपटली नाहीत. फवारणी झाली, पैसे खर्च झाले, आता चार-दोन झाडांसाठी पुन्हा बाया कशाला लावायच्या, असं म्हणून सोडून दिली. एका कुरडूच्या तुऱ्यात हजारांनी बी असतं, काळं, चकचकीत, मोहरीहून बारीक. केन्याचं तर विचारूच नका. त्याला वर निळी फुलं येतात ती आपण पाहतो. पण जमिनीखालच्या पांढऱ्या फांद्यांवरही न उमलणारी फुलं येतात आणि मातीतच बी धरतं. वरचं झाड उपटलं तरी खालचं बी जागच्या जागी. खोडाचा तुकडा ओल्या रानात पडला तर प्रत्येक पेरातून मूळ सुटतं. माझ्या आईबरोबर पूर्वी खुरपायला येणाऱ्या एक काकू मला म्हणाल्या होत्या, "दादा, ह्या केन्याला कापून तासात टाकू नका. बांधाच्या बाहेर नेऊन वाळवा. ह्यो मेल्याचं सोंग घेतो." जे त्यांना माहीत होतं ते मी विचारलंच नव्हतं.

पुढं एका जाणत्या कृषी शास्त्रज्ञांनी माझं रान पाहिलं. त्यांनी मला तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करायला लावल्या. पहिली, नीट न फवारल्यामुळं वाचलेलं तण. दुसरी, मुळातच एखाद्या औषधाला दाद न देणारं तण. ग्लायफोसेटला केना स्वभावतःच फारशी दाद देत नाही, लव्हाळ्याच्या मातीतल्या गाठींपर्यंत बरीच औषधं पोचत नाहीत. आणि तिसरी, खरी प्रतिकारशक्ती. जे तण पूर्वी त्या औषधानं, त्या मात्रेत मरत होतं, त्याचीच पिढी आता मरत नाही. ही शक्ती औषध निर्माण करत नाही. लाखो रोपांत एखादं रोप जन्मतःच वेगळं असतं. आपण दरवर्षी तेच औषध मारून त्याच्याभोवतीची सगळी गर्दी हटवतो, त्याला जागा, ऊन आणि खत मोकळं करून देतो, आणि त्याचं बी रानभर पडू देतो. काही वर्षांनी रान त्याच्याच पोरांचं होतं.

हे पुस्तकातलं नाही, आपल्या देशात घडलेलं आहे. हरियाणा-पंजाबात भातामागून गहू, पुन्हा भात, पुन्हा गहू, आणि गव्हातल्या गुल्ली डंडा या गवतावर वर्षानुवर्षं एकच आयसोप्रोट्युरॉन. काही जण तर ते वाळूत किंवा युरियात कालवून हातानं फोकायचे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते औषध चालेनासं झालं. हिसारच्या कृषी विद्यापीठातल्या मलिक आणि सिंह या शास्त्रज्ञांनी ही प्रतिकारशक्ती दाखवून दिली. शेतकऱ्यांवर उभा गहू चाऱ्यासाठी कापायची पाळी आली. मग नवी, महागडी औषधं आली, आणि काही वर्षांत त्यांतल्या काहींनाही ते गवत जुमानेनासं झालं. तिथं नांगरट न करता पेरणीचं तंत्र पसरलं, त्यामागं हे गवत कमी उगवतं हेही एक मोठं कारण होतं.

माझ्या रानात कोणता प्रकार होता? त्या शास्त्रज्ञांच्या सांगण्यावरून मी माझ्या रानातल्या वाचलेल्या कुरडूचं बी आणि कधीच फवारा न पाहिलेल्या गायरानातल्या कुरडूचं बी वेगवेगळ्या कुंड्यांत लावलं. काहींवर लहानपणी, काहींवर मोठी झाल्यावर, मोजून मापून औषध मारलं. दोन्हीकडची रोपं सारखीच वागली. लहान होती ती बहुतेक पिवळी पडून खुरटली, मोठी झाली होती ती दोन्हीकडची तगली. म्हणजे माझं तण अजून बदललेलं नव्हतं. मीच त्याला वेळेवर गाठलं नव्हतं. हे कळल्यावर मला बरं वाटलं आणि त्याहून जास्त भीती वाटली. औषधाची ताकद अजून शिल्लक होती, आणि ती ज्या रस्त्यानं संपते त्याच रस्त्यावर मी गावाला घेऊन चाललो होतो.

औषध बदलून वापरतो, असा माझा समजही खोटा निघाला. मी एका वर्षी इमाझेथापायर, दुसऱ्या वर्षी त्यात इमाझामॉक्स मिसळलेलं, तिसऱ्या वर्षी क्लोरीम्युरॉन अशी अदलाबदल करायचो. डबे वेगळे, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. पण ही सगळी औषधं तणाच्या शरीरातलं एकच विकर बंद पाडतात, ज्याच्यावाचून त्याला वाढीची अमिनो आम्लं बनवता येत नाहीत. उगवणीपूर्वीचं डायक्लोसुलामही त्याच गटातलं. क्विझालोफॉप वेगळं, ते गवताची स्निग्ध पदार्थ बनवण्याची क्रिया थांबवतं, पण रुंद पानाच्या तणाला त्याचा उपयोग नाही. पेंडीमिथॅलीन वेगळं, ते उगवतानाच कोंब आणि मूळ धरतं. फोमेसाफेन, असिफ्लुओरफेन वेगळी, ती पान जाळतात. हे गट मला कुणी सांगितले नव्हते हे खरं, पण मीही कधी विचारलं नव्हतं. ऑस्ट्रेलियात तणनाशकाच्या लेबलवर त्याचा गट ठळक छापतात. आपल्याकडं प्रत्येक बाटलीवर तो मराठीत, मोठ्या आकड्यात असायला हवा. वाचता येणाऱ्या शेतकऱ्याला एवढी एक गोष्ट दिली तरी अर्ध्या चुका टळतील.

२०१५ च्या दुष्काळात आणखी एक धडा मिळाला. त्या खरिपात पाऊस असा तुटला की सोयाबीन हातचं गेलं. मोकळ्या रानात परतीच्या थोड्या ओलीवर मालदांडी पेरली. ज्वारी उगवली, पण पिवळी, खुजी, पट्ट्यापट्ट्यांत थबकलेली. जिथं पंपवाला वळताना दुहेरी फवारा पडला होता तिथं सर्वांत वाईट. सोयाबीनवर मारलेलं इमाझेथापायर मातीत ओल आणि जिवाणू असले की विरतं. कोरड्या वर्षी ते तसंच राहतं, आणि ज्वारी त्याला फार हळवी असते. दुष्काळात माणसाला खायला आणि जनावराला कडबा देणारं तेच एक पीक होतं. त्या वर्षी कडबा विकत घ्यावा लागला, तोही मिळेल त्या भावानं. त्या नुकसानीचा आकडाही माझ्या तणनाशकाच्या रकान्यात कधी आला नाही. मी तो दुष्काळाच्या नावावर टाकला.

कापसाचं थोडक्यात सांगतो. २०१९ च्या आसपास आमच्याकडं तणनाशक सहन करणारं, म्हणजे एचटीबीटी बियाणं चोरून मिळायला लागलं. त्या वर्षी जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेनं ते उघडपणे लावून सत्याग्रह केला, तेव्हा त्याची चर्चा घराघरात पोचली. तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य शेतकऱ्याला असावं, ही मागणी मला आजही पटते. पण मी जे केलं तो सत्याग्रह नव्हता. मान्यता नसलेल्या बियाण्याची थैली मी बिनपावतीची, दामदुप्पट देऊन घेतली. परवानगीच्या बीजी-२ बियाण्याची थैली तेव्हा ७३० रुपयांना होती. उगवण विरळ झाली, तक्रार करायला कागद नव्हता. वरून ग्लायफोसेट मारलं. गवत जळालं, केना हिरवागार. इतर तणांची स्पर्धा गेली, त्यामुळं तो आणखी फोफावला. एका वाऱ्याच्या दुपारी फवाऱ्याचे तुषार शेजारच्या तुरीवर गेले आणि तिचे शेंडे वाकले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध आणणारी अधिसूचना काढली, तेव्हा गावात बरेच जण चिडले. मला मात्र वाटत राहिलं की आम्ही ते नीट वापरलं असतं तर आम्हाला हक्कानं बोलता आलं असतं.

आता शेजाऱ्याचं सांगतो. माझ्या रानाच्या उताराला माझ्या चुलत्यांचं, नानांचं रान आहे. नानांनी कधी तणनाशक मारलं नाही. बैलजोडी होती तोवर स्वतः कोळपं धरायचे, आणि फुलावर आलेलं तण त्यांच्या रानात कुणाला दिसलं नाही. आमच्या दोघांचं सोयाबीन एकच मळणीयंत्र करतं, आधी माझं, मग त्यांचं. माझ्याकडं कुरडू माजल्यावर दोन वर्षांनी नाना मला म्हणाले, "माझ्या हयातीत रानात एवढं कुरडू पाहिलं नव्हतं रे. कुठून आलं असंल?" मला माहीत होतं. मळणीयंत्राच्या चाळणीत, पंख्यात, भुसकटात माझ्या रानातलं बी अडकून त्यांच्या रानात उतरलं होतं. माझं भुसकट त्यांची जनावरं खायची, आणि ते शेण अर्धवट कुजलेलं त्यांच्याच रानात पडायचं. उताराचं पाणी वेगळंच. मी त्या दिवशी "पावसाचा फरक असंल" म्हणालो आणि विषय बदलला. इतक्या सगळ्या चुकांत हे गप्प राहणं मला सर्वांत जड जातं. पुढल्या हंगामाच्या आधी मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग औंदा मशीन आधी माझ्याकडं आण, तुझ्याकडं मागून." ज्याचं रान स्वच्छ त्याची मळणी आधी. एक पैसा खर्च नसलेला हा उपाय मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता.

बायांचंही असंच झालं. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल आधीच घेतलेली. जायच्या आधीचे पावसाळ्याचे महिने ती कुटुंबं गावात असतात आणि घरातल्या बाईच्या हातात पैसा येतो तो खुरपणीचा. आम्ही एकेकानं फवारणी धरली तसा तो पैसा आटत गेला. आमच्या वस्तीवरच्या एकीनं मला सरळ सांगितलं, "दादा, तुमच्या औषधानं आमचा आषाढ-श्रावण नेला." घरखर्च भागेना तेव्हा उचल जास्त घ्यावी लागली, असं त्यांचं म्हणणं. मी त्यावर वाद घातला नाही, कारण माझ्या वहीतली वजाबाकी आणि त्यांच्या घरातली वजाबाकी एकाच पैशाची होती. नंतर केना आणि कुरडू आवरेना, तेव्हा मला बाया हव्या झाल्या. तोवर त्या टेम्पोनं दुसऱ्या गावांना गुत्त्यानं जायला लागल्या होत्या. रोज अडीचशे-तीनशेवर गेला होता. ज्यांना मी चार वर्षं बोलावलं नाही, त्यांनी माझ्या गरजेच्या दिवशी माझ्यासाठी मोकळं का राहावं?

मग मी वही नव्यानं मांडली. अलीकडच्या वर्षांत मी एकरी दोन फवारण्या करत होतो, दोन-दोन औषधांच्या, दोन हजारांच्या घरात. वर उरलेल्या तणाची एक खुरपणी, तीही जून झालेल्या तणाची, म्हणजे दुप्पट बाया. फवारणी आणि खुरपणी दोन्हींचा खर्च, आणि उत्पन्नाला घट ती वेगळी. २०१२ ला मी जे हजार रुपये एकरी वाचवले असं समजत होतो, ती कमाई नव्हतीच. व्याज समजून मी मुद्दल खात होतो. तण औषधाला मरतं, ही जी त्याची कमजोरी आहे तीच मुद्दल. ती माझी एकट्याची नाही, शिवारातल्या सगळ्यांची आहे. ती कुणाच्या सातबाऱ्यावर नाही म्हणून तिची राखण कुणी करत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये मका आणि सोयाबीनसाठी हाच हिशेब केला होता. ग्लायफोसेटची प्रतिकारशक्ती रोखण्यासाठी आधीपासून काळजी घेणाऱ्या शेतकऱ्याला पहिल्या वर्षी तोटा होतो, पण दोनेक वर्षांत त्याची एकूण कमाई दुर्लक्ष करणाऱ्याच्या पुढं जाते. शेजारच्यांनीही काळजी घेतली तर फायदा वाढतो. त्याच देशात जॉर्जिया राज्यात कापसात एकच औषध वर्षानुवर्षं मारल्यावर राजगिऱ्याच्या जातीचं एक तण असं बळावलं की यंत्रावर शेती करणाऱ्या त्या मोठमोठ्या शेतकऱ्यांना मजूर लावून हातानं तण काढावं लागलं. नवं औषध येईल या भरवशावर राहण्यातही अर्थ नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत अगदी नव्या मार्गानं तण मारणारी औषधं जगात मोजकीच आली.

पण पहिल्या वर्षीचा तो तोटा आमच्यासारख्यानं सोसायचा कशातून? २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात कित्येक दिवस त्याच्या बऱ्याच खाली भाव निघत होता. अशा भावात शेतकरी आजचा पैसा वाचवणार, पाच वर्षांनंतरच्या तणाचा विचार करणार नाही. हे मी माझ्या चुकीचं समर्थन म्हणून सांगत नाही. मला परवडत होतं त्या वर्षांतही मी विचार केला नव्हता. पण सरकारला तणाचा प्रश्न खरोखर सोडवायचा असेल तर रुंद वरंब्यावर पेरणीचं यंत्र, छोटं पॉवर कोळपं, आणि गावात बायांच्या गटाला खुरपणीसाठी मिळणारी मदत यावर पैसा लावला पाहिजे. नुसत्या शिबिरांनी काही होणार नाही.

सध्या मी काय करतो ते सांगतो. पहिला पाऊस पडला की लगेच पेरत नाही. तण उगवू देतो, मग वखराची पाळी घालतो, मग पेरतो. यात पेरणी आठवडाभर लांबते आणि पाऊस दगा देईल अशी धाकधूक असते, ती सोसावी लागते. पेरल्यावर लगेच पेंडीमिथॅलीन. त्यानंतर वीस दिवसांच्या आत, तण दोन-चार पानांवर असतानाच, गरज असेल तिथंच दुसऱ्या गटाचं औषध, विहिरीच्या स्वच्छ पाण्यात, पूर्ण मात्रेत, सपाट नोझलनं, आणि टाकीत दुसरं काही नाही. सोयाबीन वरंब्यावर टोकल्यामुळं सरीत कोळपं फिरतं. सोयाबीनमागून सोयाबीन असं सलग दोनदा त्याच रानात घेत नाही. आणि श्रावणात, कुरडूला तुरा येण्याआधी, बाया लावून वाचलेलं एकेक झाड उपटून बांधाबाहेर वाळवतो. हा खर्च मी आता औषधाच्या खर्चातच धरतो, वेगळा नाही. लव्हाळा मात्र अजून आवरलेला नाही, हरळीही नाही. केना कमी झाला, संपला नाही. मातीत पडलेलं बी वर्षानुवर्षं थोडं थोडं उगवत राहणार, आणि मी जे दहा वर्षांत पाडलं ते दोन हंगामांत निघणार नाही.

माझ्यासारख्या शेतकरी बांधवांना एवढंच सांगायचं आहे. औषध लागू पडलं नाही तर मात्रा वाढवण्याआधी, आणि दुकानदाराला बोल लावण्याआधी, वाचलेल्या तणाचं बी घेऊन परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा आपल्याकडच्या दिघोळअंबा आणि खामगावच्या कृषी विज्ञान केंद्रांत जा. बाटली घेताना नाव विचारू नका, गट विचारा. फवारल्यानंतर पंधरा दिवसांनी रानातून एक चक्कर मारा आणि जे उभं दिसेल ते फुलाआधी उपटा. आणि मळणीयंत्र तुमच्या रानात आलं की आधी झाडून घ्या, तुमच्या रानातून निघताना पुन्हा झाडून पुढच्याकडं पाठवा.